स्पोर्टिंग क्लेजसाठी शॉटगन: आधी डोळा, मग खांदा, मग बंदूक

माझी पहिली शॉटगन मी नक्षीवर भाळून घेतली. बाजूच्या पोलादावर कोरलेली तितरांची जोडी, तेलात मुरलेला अक्रोडाचा दस्ता, २६ इंची नळ्या, वजन जेमतेम पावणेतीन किलो. दुकानात हातात घेतली तेव्हा पिसासारखी वाटली आणि उभ्याउभ्या सौदा झाला. स्पोर्टिंग क्लेज म्हणजे हवेत फेकलेल्या चकत्या शॉटगनने फोडायचा खेळ. त्याच्या मैदानावर तिसऱ्या स्टेशनपर्यंत (बार काढायची ठरलेली जागा) गाल हुळहुळायला लागला, सहाव्यापर्यंत मी बार निघण्याआधीच डोळे मिटत होतो. शंभरातल्या एकतीस चकत्या फुटल्या. बंदुकीत खोट काहीच नव्हती. दिवसभर रान तुडवून चार-सहा बार काढणाऱ्या शिकाऱ्याला ती झकास होती. मी मात्र तिच्याकडून एका सकाळी शंभर बार मागत होतो, तेही माझ्या मापाच्या नसलेल्या दस्त्यावर गाल घासत.

आता कुणा नवख्याबरोबर बंदूक बघायला गेलो की मी ठरलेल्या क्रमाने जातो: आधी डोळा, मग बंदुकीची बांधणी आणि बोअर (नळीचा आतला व्यास), मग वजन-तोल, मग माप, चोक (नळीच्या तोंडाची आवळण) त्यानंतर, आणि कंपनीचं नाव जवळजवळ शेवटी. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात. परवाना, साठवण आणि वाहतूक यांचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, ते मार्गी लावूनच खरेदीला निघा.

खेळ बंदुकीकडून काय मागतो

ट्रॅप आणि स्कीट या चकत्या फोडायच्याच दुसऱ्या खेळांत चकती कुठून सुटणार आणि कोणत्या पट्ट्यातून जाणार हे ठरलेलं असतं. स्पोर्टिंग क्लेजमध्ये प्रत्येक मैदान वेगळं. हा खेळ इंग्लंडमध्ये शिकारीच्या सरावातून वाढला. तिथली पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९२५ सालची, आणि अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९८९ सालची. झाडी, उतार, ओढ्याकाठ अशा जागेत दहा-पंधरा स्टेशनं मांडलेली असतात आणि फेरी बहुधा ५० किंवा १०० चकत्यांची असते. चकत्या जोडीने येतात. कधी पहिल्या बाराच्या आवाजावर दुसरी सुटते, कधी दोन्ही एकदम. एक डोक्यावरून जाते, एक सरळ आकाशात चढते, एक जमिनीवरून सशासारखी उड्या मारत पळते. नेहमीची चकती १०८ ते ११० मिमी व्यासाची, मिडी ९० मिमीची, मिनी ६० मिमीची. बॅट्यू नावाची चकती नेहमीच्या व्यासाची पण पापडासारखी चपटी असते. आडवी असताना ती दिसतच नाही, आणि वळून पोट दाखवते तो क्षण धरावा लागतो.

३५ मीटरवरून ताशी ६० किमी वेगाने आडवी जाणारी चकती घ्या. छर्रे तिथवर पोचायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात चकती जवळपास दोन मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे बार दोन मीटर पुढच्या मोकळ्या हवेत टाकायचा, आणि टाकताना बंदूक चालती ठेवायची. या सगळ्यात नजर चकतीवर असते. नळीकडे बघितलंत की हात थांबतो, आणि हात थांबला की बार मागे पडतो. रायफलीचा नेम धरतात तसा इथे धरायचाच नसतो. डोळा जिथे बघतो तिथे बंदुकीने आपोआप वळायला हवं. ते वळणं चांगलं व्हावं म्हणून पुढच्या सगळ्या उठाठेवी.

डोळ्याची परीक्षा, खिशात हात घालण्याआधी

शॉटगनला रायफलीसारखी नेम धरायची मागची खाच नसते, तिच्या जागी तुमचा डोळा असतो. म्हणून कोणता डोळा सत्ता गाजवतो हे आधी बघायचं. दोन्ही हात ताणून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचं एखादं झाडाचं खोड बघा, आणि खोड नजरेतून न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. फट ज्या डोळ्यापाशी येऊन थांबते तो तुमचा प्रमुख डोळा. तीन-चारदा करा. पहिल्या खेपेला माणूस नकळत आपल्याला हवं ते उत्तर काढतो.

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा उजवा डोळा प्रमुख असेल तर पुढे चला. उलट निघालं तर तीन वाटा आहेत. नवशिके असाल तर दुसऱ्या खांद्यावरून शिका. महिनाभर अवघडल्यासारखं होईल, पण पुढची वर्षं सोपी जातील. हात बसलेला असेल तर चष्म्याच्या काचेवर, प्रमुख डोळ्यासमोर जिथे नळीचं टोक दिसतं तिथे, बोटाच्या पेराएवढी अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. तिसरी वाट म्हणजे बार काढण्याच्या ऐन क्षणी तो डोळा मिटणं. तिने काम भागतं, पण अंतराचा आणि वेगाचा अंदाज लंगडा होतो. हे सगळं खरेदीआधी करायचं, कारण खांदा बदलला की दस्त्याचं वळण बदलतं, आणि सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच भरणारी बंदूक) घेणार असाल तर रिकामी टरफलं कोणत्या बाजूला उडतात हेही बघावं लागतं.

बांधणी: ओव्हर-अंडर की सेमी-ऑटो

जुनी दुनळी, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांची बंदूक, दिसायला देखणी. पण रुंद नळ्यांवरून नजर नेताना लांबची बारीक चकती हुकते, आणि ती बहुधा हलकी असते. पंप-अॅक्शनमध्ये दोन चकत्यांच्या मधे हात मागेपुढे करावा लागतो. शौक म्हणून दोन्ही चालतील, पण एकच बंदूक घ्यायची असेल तर निवड उरते ती ओव्हर-अंडर आणि सेमी-ऑटो यांत.

ओव्हर-अंडरमध्ये नळ्या एकावर एक. पट्टी (नळीच्या वरची, जिच्यावरून नजर जाते ती) एकच दिसते आणि चोक दोन मिळतात. पहिली चकती जवळची आणि दुसरी लांबची असेल तर वरच्या-खालच्या नळीत वेगळे चोक लावून कोणती आधी फोडायची ते निवडता येतं. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, हातावर घेतली की ती रिकामी आहे हे पन्नास पावलांवरून कुणालाही दिसतं, आणि मैदानावर ही गोष्ट लहान नाही. टरफलं हातात येतात, शेजाऱ्याच्या टोपीवर पडत नाहीत. सुटे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. तोटे दोन: धक्का सगळा खांद्यावर येतो, आणि बरी ओव्हर-अंडर बऱ्या सेमी-ऑटोपेक्षा महाग असते.

सेमी-ऑटो दोन जातींची. गॅसवर चालणारी बंदूक काडतुसाचा थोडा वायू वळवून यंत्रणा फिरवते, त्यामुळे धक्का एकदम न बसता पसरून येतो. खांदा दुखरा असेल, मान नाजूक असेल, किंवा धक्क्याच्या भीतीने डोळे मिटायची सवय लागली असेल, तर माझं मत सरळ गॅसच्या सेमी-ऑटोला. तिला साफसफाई मात्र हवी. काजळी साचली की नेमकी स्पर्धेच्या दिवशी अडते. दुसरी जात जडत्वावर चालते, बेनेल्लीमुळे ती जगभर गेली. तिच्यात भाग कमी आणि घाणही कमी साचते, पण धक्का गॅसपेक्षा कडक. सेमी-ऑटोत चोक एकच, आणि बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता भाग) मागे असला तरी ती रिकामी आहे हे लांबून पटकन कळत नाही. त्यामुळे काही ठिकाणी कक्षात, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, लाल झेंडी खोचायला लावतात, आणि ते योग्यच आहे.

मला विचाराल तर पहिल्या बंदुकीला ओव्हर-अंडर. लोक म्हणतात म्हणून नव्हे. नवशिक्याचं लक्ष चकतीवर असायला हवं, बोल्ट अडकला की काय यावर नको, एवढंच कारण.

बोअर

बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या एका पौंडात बसतात. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते: बाराची साधारण १८.५ मिमी, विसाची १५.६ मिमी. अपवाद ४१०चा, तो आकडा म्हणजे इंचातला थेट व्यास.

या खेळाला बाराच घ्या. छर्रे जास्त, काडतुसांची निवड सगळ्यात मोठी, आणि बारामध्ये २१ ग्रॅमपासून पुढे हलकी काडतुसंही मिळतात. ब्रिटनमधल्या आणि फितास्क या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत कमाल भार २८ ग्रॅम आहे, अमेरिकेत ३२ ग्रॅमपर्यंत मुभा. रोजच्या सरावाला २४ किंवा २८ ग्रॅम भरपूर.

"अंगाने बारीक आहे, म्हणून वीस बोअर द्या" हा सल्ला ऐकला की मी मधे तोंड घालतो. विसाची बंदूक बहुधा हलकी असते, आणि धक्का बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. काडतूस तेच ठेवून ३.६ किलोऐवजी ३ किलोची बंदूक घेतलीत तर धक्क्याची ऊर्जा पंचमांशाने वाढते. उलट भरदार बाराच्या बंदुकीत २८ ऐवजी २४ ग्रॅमचं काडतूस घातलंत तर धक्का साधारण तेवढाच उतरतो. वजन पेलत असेल तर बारीक माणसाला जड बंदूक आणि हलकं काडतूस हीच जोडी सुखाची.

वजन, नळीची लांबी, तोल

ओव्हर-अंडर ३.४ ते ३.९ किलोंमध्ये असावी. त्याहून हलकी बंदूक चटकन उचलली जाते आणि तितकीच चटकन थांबते. आडव्या चकतीवर हात थांबणं म्हणजे चकती गेली. जड बंदूक सुरू व्हायला आळशी, पण एकदा चालू लागली की चालत राहते. बैलगाडी उताराला लागल्यावर जशी स्वतःच्या वजनाने पुढे जाते, तसं काहीसं.

नळी ३० किंवा ३२ इंचांची. उंच माणसाला ३२, मध्यम आणि बुटक्याला ३०, आणि शंका असेल तर ३०. लांब नळीमुळे छर्रे फार जोरात जातात हा समज सोडून द्या. फायदा असतो तो टोकाकडच्या वजनाचा आणि नजरेला मिळणाऱ्या लांब रेषेचा. सेमी-ऑटोला मात्र २८ किंवा ३० इंच पुरतात, कारण तिच्या नळीमागचा यंत्राचा भाग ८-१० सेंमी जास्त लांब असतो. तीस इंची सेमी-ऑटो आणि बत्तीस इंची ओव्हर-अंडर शेजारी उभ्या करून बघा, उंची जवळपास सारखी भरते.

तोल बघायला बंदूक बिजागरीच्या खिळीपाशी एका बोटावर आडवी धरा. तिथे किंवा बोटभर पुढे तोलली तर बरं. पण बोटावरचा तोल सगळं सांगत नाही. मधे वजन असलेली आणि दोन्ही टोकांना वजन असलेली बंदूक एकाच बिंदूवर तोलतात, हातात मात्र अगदी वेगळ्या वाटतात. म्हणून रिकामी बंदूक खांद्याला लावा, भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून टोक डावीकडून उजवीकडे फिरवा. रेषेवरून टोक डगमगलं तर बंदूक तुमच्यासाठी पुढे हलकी, ओढत न्यावं लागलं तर पुढे जड. हेच दहादा करा. दहाव्या खेपेला दंड भरून आला तर शंभराव्या बाराचं काय होईल याचा अंदाज येतो.

माप: इथे घाई करू नका

पैसे कमी असतील तर नक्षी, सोनेरी चाप, लाकडाची प्रत सगळं सोडा, पण माप सोडू नका. त्याचं गणित साधं आहे. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर. गाल टेकतो ती कड ३ मिमीने उंच असली तर डोळा ३ मिमीने वर जातो, आणि १५ मीटरवर बार साडेचार-पाच सेंमी वर लागतो. ३५ मीटरवर तो फरक दहा सेंमीच्या वर, म्हणजे चकतीच्या व्यासाएवढा. तुम्ही हातावर, वेगावर, काडतुसावर खापर फोडत राहाल आणि चूक बसलेली असेल गालाखाली.

पहिलं माप लांबीचं: चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत. तयार बंदुकांत हे बहुधा ३६ ते ३७.५ सेंमी असतं. कोपर वाकवून दस्ता बाहीच्या आत बसवून बघायची जुनी युक्ती मला पटत नाही. खांदा, मान आणि छाती यांचा तीत विचारच नाही. बंदूक खांद्याला लावून बघा: चापाच्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटं अंतर हवं. अंगठा नाकावर आपटत असेल तर दस्ता आखूड. वर आणताना काखेत किंवा जॅकेटच्या शिवणीत अडकत असेल तर लांब. जाड जॅकेट घालून नेमबाजी करणार असाल तर माप घेतानाही तेच घाला. फितास्कच्या नियमांत चकती दिसेपर्यंत दस्ता खांद्यापासून २५ सेंमी खाली आखलेल्या रेषेखाली ठेवावा लागतो, तिथे लांब दस्ता दर बाराला छळतो.

दुसरं उताराचं. पट्टीची रेषा मागे वाढवली तर गालाची कड तिच्या खाली साधारण ३५ ते ३८ मिमी आणि दस्त्याची टाच, म्हणजे मागचं वरचं टोक, ५० ते ६० मिमी असते. लांब मानेच्या माणसाला टाच आणखी खाली लागते, आखूड मानेच्याला वर.

तिसरं कास्ट, म्हणजे दस्त्याचं बाजूला झुकणं. उजव्या खांद्यासाठी दस्ता ३ ते ६ मिमी उजवीकडे झुकलेला असतो, म्हणजे गाल टेकल्यावर डोळा पट्टीच्या मधोमध येतो. डावखुऱ्याला हेच उलट हवं. सरळ दस्ता दोघांनाही थोडाथोडा चालतो आणि कुणालाच नीट बसत नाही.

चौथं, ज्याकडे फार थोडे बघतात, ते म्हणजे दस्त्याच्या मागच्या तोंडाचा कोन. खालचं टोक छातीत रुततं, संध्याकाळी तिथे निळा डाग दिसतो, आणि माणूस काडतुसाला शिव्या देतो. कोन दोन-तीन मिमीने बदलला की डाग जातो. स्त्रियांच्या बाबतीत ही तक्रार सर्रास आढळते, कारण बहुतेक तयार दस्ते पुरुषी छातीच्या मापाने कातलेले असतात.

आता घरची चाचणी. बंदूक मोडून दोन्ही कक्ष डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंतीवर एक टिकली लावा. टिकलीकडे बघा, डोळे मिटा, बंदूक शांतपणे गालाला आणि खांद्याला आणा, मग डोळे उघडा. टोक टिकलीवर आणि डोळा पट्टीच्या मध्यावर आहे का? पट्टी किंचित वरून, अगदी चपट्या रस्त्यासारखी दिसली तर छान. नळीच्या टोकावरचा मणी दिसतच नसेल, नळीचा मागचा भागच आडवा येत असेल, तर गालाची कड खाली आहे. रस्ता लांब चढासारखा दिसत असेल तर कड उंच. मणी डावी-उजवीकडे सरकला असेल तर कास्ट चुकलंय. मान वाकवून, गाल सरकवून जमवून घेऊ नका. मैदानावर जमवायला वेळ मिळत नाही. बघणाऱ्या मित्राला बाजूला उभं करा. तुम्ही मान किती वाकवली ते तुम्हाला कळत नाही, त्याला लगेच कळतं.

वर-खाली होणारी गालाची कड असलेला दस्ता मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. वजन उतरतं, गाल भरतात, वयाने खांदे झुकतात, आणि कड चावीने मिलिमीटरभर हलवली की काम होतं. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मागच्या पॅडखाली पातळ थर घालून लांबी वाढवता येते.

चोक: यावर जितकं बोललं जातं तितकं ते मोठं नाही

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण. पाव चोक सुमारे ०.२५ मिमी, अर्धा ०.५ मिमी, पूर्ण १ मिमी. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ७६ सेंमीच्या वर्तुळात उघड्या, म्हणजे चोक नसलेल्या, नळीतून साधारण ४० टक्के छर्रे पडतात, पावमधून ५५, अर्ध्यातून ६० आणि पूर्णमधून ७०. साडेसात नंबरच्या (नंबर छर्ऱ्याच्या आकाराचा, तो वाढला की छर्रा बारीक) २८ ग्रॅमच्या काडतुसात सुमारे साडेतीनशे छर्रे असतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

बदलते चोक असलेली नळी घ्या, एका नळीत पाव आणि दुसरीत अर्धा लावा, आणि सहा महिने विसरून जा. प्रत्येक स्टेशनवर चोक बदलणारा माणूस चकतीची वाट बघायची सोडून खिसे चाचपत असतो. वीस मीटरच्या आतल्या चकत्यांचीच फेरी असेल तर उघडी नळी किंवा स्कीट नावाचा सैल चोक, आणि बहुतेक चकत्या चाळिसाच्या पुढे असतील तर अर्धा-पाऊण. छर्रा जवळच्यासाठी आठ किंवा नऊ नंबर, बाकी सगळीकडे साडेसात.

काही मैदानांवर शिसं चालत नाही, पोलादी छर्रे लागतात. पोलाद शिशासारखं दबत नाही. म्हणून नळीवर पोलादासाठीची चाचणी-खूण आहे का ते बघा, आणि जुन्या नळीत घट्ट चोकमधून ते मारू नका. कक्षाची लांबीही तपासा, ७० मिमी पुरते. त्याहून आखूड कक्षाच्या जुन्या बंदुकीत ७० मिमीचं काडतूस आत बसतं, पण फुटल्यावर उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो.

चाप आणि बारीकसारीक

चाप दीड ते दोन किलोंत सुटावा, आणि दोन्ही नळ्यांचा सारखा सुटावा. एकाच चापावर दोन नळ्या चालतात तेव्हा दुसरी नळी पहिल्या बाराच्या धक्क्याने सज्ज होते की यांत्रिक रीतीने, हे विचारा. धक्क्यावर चालणाऱ्या चापात पहिलं काडतूस फुसकं निघालं की दुसरा बारही अडतो. बंदूक बंद केली की सेफ्टी आपोआप लागणारी नको, हाताने लागणारी बरी. पट्टी साधारण ८-१० मिमीची, चपटी, चमक नसलेली. पुढे एक साधा मणी पुरतो. चमकदार लाल-हिरवा मणी नजर चकतीवरून ओढून घेतो.

जुनी बंदूक तपासताना

पहिली बंदूक जुनी घ्यायला माझी हरकत नाही, उलट मी तेच सुचवतो. चांगली ओव्हर-अंडर हजारो बार काढूनही तरुण असते. पण हात लावून बघायला हवी.

नळ्या, यंत्र आणि पुढचा लाकडी भाग, तिन्हींवरचे क्रमांक एकच आहेत का ते आधी. मग पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. जराही टकटक जाणवली तर बिजागरी झिजली आहे. वरचा उघडायचा दांडा बघा: नवीन बंदुकीत तो मध्यरेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो, झिजेल तसा मध्याकडे आणि मग पलीकडे जातो. आता नळ्या सोडवा, त्यांच्या खालच्या हुकाने त्या बोटावर टांगा आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर पट्ट्यांचं झाळकाम शाबूत. फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज आला तर कुठेतरी सुटलंय. नळीतून खिडकीच्या चौकटीकडे बघत नळी हळूहळू गोल फिरवा. चौकटीच्या सावलीची रेषा आत सरळ धावायला हवी. ती कुठे तुटली तर पोचा, कडं दिसलं तर फुगवटा. फुगवटा दिसला की बंदूक परत द्या, घासाघीस करू नका.

दस्त्याचं मनगट, म्हणजे मूठ धरतो ती बारीक जागा, तिथली केसाएवढी चीर नखाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. बदलते चोक सगळे हाताने फिरतात का बघा. एका ओळखीच्या माणसाने एक चोक गंजून बसलेली बंदूक घेतली, तो काढताना नळीचं तोंड गेलं. शेवटी दोन्ही कक्षांत नकली काडतुसं घालून चाप ओढा आणि बंदूक उघडा, दोन्ही एकाच वेळी, सारख्या जोराने बाहेर फेकली जायला हवीत. सेमी-ऑटो असेल तर गॅसची भोकं, पिस्टन आणि रबरी कडी काढून दाखवायला सांगा. विकणाऱ्याला ती काढता येत नसतील तर त्याने साफही केलेली नाहीत.

नावांबद्दल थोडं

ब्राउनिंग आणि बेरेटा या दोन घराण्यांत सुरुवातीची बहुतेक खरेदी होते. जॉन ब्राउनिंग १९२६ साली गेला, त्याची शेवटची ओव्हर-अंडर त्याच्या मुलाने पुरी केली आणि १९३१ साली ती बाजारात आली. तिची बिजागरीची खिळी नळ्यांच्या खाली आरपार जाते, म्हणून यंत्र खोल आणि भारदस्त. जपानची मिरोकू याच वाटेने जाते. बेरेटाच्या ६८० मालिकेत आरपार खिळी नाही, नळ्यांच्या दोन्ही बाजूंना खुंट्या आहेत, म्हणून यंत्र उथळ, आणि झिजलेल्या खुंट्या बदलता येतात. ब्राउनिंग हातात भरीव वाटते, बेरेटा चपळ. कोणती चांगली यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या, तुम्ही दोन्ही खांद्याला लावा. पेराझी आणि क्रिगहॉफ सुंदर आहेत, पेराझीच्या बऱ्याच बंदुकांचा आख्खा चाप-संच हाताने बाहेर काढता येतो. पण पहिल्या दोन वर्षांत त्यांची किंमत चकत्यांत वसूल होत नाही. ते पैसे काडतुसं आणि शिकवणी यांवर घाला.

विकत घेण्याआधी, आणि घेतल्यावर लगेच

बार न काढता बंदूक घेऊ नका. मित्राची, क्लबची, भाड्याची, कशीही मिळवा. दोन बंदुकींत निवडायचं असेल तर एकाच दिवशी, एकच काडतूस, तीच स्टेशनं, प्रत्येकी पंचवीस चकत्या, आणि मधे विश्रांती. फुटलेल्या चकत्यांचा आकडा एका दिवसात फसवतो. शेवटच्या पाच बारांत मान ताठ होती का आणि खांदा कुरकुरला का, हे खरं बघायचं.

मग पांढऱ्या रंगाच्या लोखंडी पाट्यासमोर, किंवा मीटरभर रुंद कागदासमोर, १५ मीटरवर उभे राहा. पाटा लोखंडी असेल तर शिशाचेच छर्रे वापरा, पोलादी छर्रे त्यावरून उलट येतात. घट्ट चोक लावा, मध्ये एक काळा ठिपका काढा. दस्ता खाली, नजर ठिपक्यावर, बंदूक वर आली की थांबून नेम न धरता लगेच बार. अशा सहा-सात बारांनंतर भोकांचा दाट भाग कुठे पडतो ते बघा. स्पोर्टिंगसाठी तो ठिपक्यावर किंवा बोटभर वर हवा, बहुतेक जण ६० टक्के वर आणि ४० टक्के खाली असं ठेवतात. पाच सेंमी वर जात असेल तर गालाची कड साधारण ३ मिमी खाली, पाच सेंमी डावीकडे जात असेल तर दस्ताही साधारण ३ मिमी उजवीकडे. दस्ता कापायचा किंवा वाकवायचा असेल तर कारागिराकडेच. पण आधी दस्त्याच्या गालाच्या कडेवर कापडी चिकटपट्टी चिकटवून, पॅडखाली पुठ्ठा घालून पंधरा दिवस नेमबाजी करा. चिकटपट्टी उपटता येते, कापलेलं लाकूड परत येत नाही.

हे जमलं की पुढचे हजार बार कशालाही हात लावू नका. फक्त दर खेपेला घरी आल्यावर दोन्ही चोक काढा, आटे पुसा, ग्रीसचा नखाएवढा थेंब लावा आणि बोटांनी घट्ट होतील इतकेच परत बसवा. बिजागरीच्या खिळीलाही तेवढंच ग्रीस.